वजन उतरलं, पण कुठलं?

२८ जुलै, सोमवार
आज शाळेत तपासणी. दहावीच्या सगळ्या मुलींना रांगेत उभं केलं, उंची-वजन घेतलं आणि तपासणीवाल्या मॅडमनी माझा आकडा अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला. ओव्हरवेट! लावण्या नॉर्मल. ती लावण्या, जी दोन जिने चढली की भिंत धरते! आणि मी कबड्डीत तिघींना ओढत मधली रेष गाठते. वजन कशाचं आहे, हे कोणी विचारायचं की नाही? वर आईला फोनही केला.

२९ जुलै
आईनं उपाय काढला. "श्रावण लागलाच हाये. सोमवार, शनिवार, चतुर्थी, सारे उपास धर. देवबी पावते अन् आंगबी उतरते." बाबा मोबाइलमधून मान वर न करता "हो" म्हणाले. बाबा सगळ्यालाच हो म्हणतात.

४ ऑगस्ट, सोमवार
उपास म्हणे! सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा चिवडा, संध्याकाळी शेंगदाण्याचे लाडू, वर साखर घातलेलं लिंबूपाणी. वरण बंद, ज्वारीची भाकर बंद. बाकीच्या दिवशी अर्धीच भाकर. शाळेत खेळाडूंना अंडं मिळतं, तर "श्रावणात अंडं? लाज हाये का?" माझं अंडं लावण्या खाते.

१२ ऑगस्ट
चतुर्थी. सरावात पाय उचलेना. पी.टी.चे सर म्हणाले, "क्या हुआ रे तेरे को? पकड ढीली हो गई." डोळ्यांपुढे अंधारी आली होती. सांगितलं नाही. संघातून काढलं तर...

१८ ऑगस्ट
वजन दोन किलो कमी. आईनं गल्लीभर सांगितलं, जसा काही माझा पहिला नंबर आला. पण सलवारीची नाडी आधी बांधायचे तिथंच बांधते. मांड्या मात्र ढिल्या, दंड बारीक. पोट जागेवर, ताकद गेली! आईला हे म्हटलं तर, "काट्यापेक्षा तुले जास्त समजते का?" मेला काटा.

२२ ऑगस्ट, पोळा
काकांच्या गावी. बैलांना पुरणपोळी, मला काकडी. खरंच, ताटात काकडी. काकू म्हणाली, "ताई, पोरगी काऊन वाळून राह्यली?" आई हसून म्हणते, "वाळू द्या. दोन-चार वर्षांत पाव्हणे येतीन पाहाले."
अस्सं! म्हणजे तब्येतीचं काही नव्हतंच. मी पंधरा वर्षांची आहे. न आलेल्या पाव्हण्यांसाठी मी आत्तापासून उपाशी? ताटातली काकडी बैलाला नेऊन घातली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
श्रावण संपला, सुटले असं वाटलं होतं. आज सरावात एक मुलगी कमी होती म्हणून लावण्याला उभं केलं. तिनं माझा घोटा धरला. लावण्यानं! मला जागचं हलता आलं नाही. ती बिचारी स्वतःच घाबरली. सर म्हणाले, "कल डिस्ट्रिक्ट टीम का सिलेक्शन है. ऐसा खेली तो बाहर बैठेगी."
घरी आले तर आई म्हणते, "उद्या हरतालिका. यंदा पाणीबी नाई प्यायचं."
"आई, उद्या निवड आहे."
"निवड का पळून चालली? चांगला नवरा भेटाले पोरी एक दिवस राह्यतात उपाशी."
नवरा! मला रेड मारायची आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार, सकाळ
कालची भाकर होती. वरण गरम केलं आणि आईच्या समोर बसून जेवले. ती पूजेची पत्री निवडत होती. हात थांबले तिचे.
"मनाचंच करणार का?"
"हो."
"मंग पूजेले बसू नको. अन् माह्याशी बोलूबी नको."
असं ती आजवर कधी म्हणाली नव्हती. मी दुसरी भाकर घेतली. तीही संपवली.
मैदानाच्या पायरीवर बसून लिहितेय. रडू येतंय, आणि रडू येतंय याचा जास्त राग येतोय. एका जेवणानं गेलेले दंड परत येत नाहीत, एवढं मलाही कळतं. सर निवड चाचणीसाठी एकेकीचं नाव पुकारताहेत. माझं घेतलं.