अक्काची खोली

मंगळवार, दिवेलागण

सही केली. रडूही आलं नाही. घरी येऊन कुकर लावला. असं कसं झालं माझं? अक्का आत तिच्या ट्रंकेवर बसून आहे.

अण्णांनी, आमच्या वडिलांनी, काढलेल्या मुलींच्या बोर्डिंगची मी ट्रस्टी. थोरली बहीण अक्का तिथल्या मागच्या खोलीत वर्षानुवर्षं राहिली, बिनभाड्यानं. सकाळी खिडकीशी बसून पोरींच्या वेण्या घालायची. गजांना लाल रिबिनी लटकलेल्या.

सीए म्हणाले, ट्रस्टची करमाफी टिकवायची तर संस्थापकाच्या नातलगांना खोली फुकट देता येत नाही. रीतसर भाडं भरा, नाहीतर खाली करा.

मी राजीनामा देते म्हटलं, तर हसले. "ताई, ट्रस्टीपणाचा द्याल. दोघी अण्णांच्या लेकी हायसा न्हवं, त्याचा कुणाकडं देणार?"

भाडं मी भरते म्हटलं, तर अक्का भडकली. "अण्णांच्या दारात भाड्यानं ऱ्हाऊ? पावणी हाय व्हय मी?"

मग आज खोली खाली करून घ्यायचा ठराव झाला. सगळ्यांच्या सह्यांखाली माझी सही.

आई गेल्यावर, कॉन्व्हेंटला जाताना माझ्या पांढऱ्या रिबिनी अक्काच बांधायची. इतक्या घट्ट, की डोळे ताणले जायचे. ती स्वतः त्या शाळेत कधी गेली नाही.

तिला आणायला गेले तेव्हा ट्रंक भरलेली होती. रिबिनी तेवढ्या गजांवरच. मी सोडवायला लागले, तर हातावर चापट बसली.

"ऱ्हाऊ दे. बोर्डिंगच्या हायत त्या."