पेन्सिलीच्या रेघा

वारे, रत्नागिरी
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप सुमेधाबाई यांस,

काशीचा नमस्कार. कानाचं मशीन लावता की डबीतच ठेवलंय? लावत नसणारच. तुम्ही नाशिकला लेकीकडे जाताना म्हणाला होतात, "काशी, फोनवर मला काही ऐकू येत नाही, तू पत्र लिही, तेवढाच हात चालू राहील." म्हणून लिहिते. सातवी नापास बाईचं पत्र आहे, लाल पेन घेऊन बसू नका.

इकडे सगळं ठीक. भात झोडून घरात आलं. हे मुंबईहून दिवाळीला आले नाहीत, रजा नाही म्हणाले, आता शिमग्याला बघू. डावा गुडघा धरलाय. एसटीच्या पायऱ्या चढताना मागची माणसं कुरकुरतात, कुरकुरू देत.

कॉलेजच्या लायब्ररीत तुमच्या खुर्चीवर भार्गवी मॅडम बसतात त्याला अडीच वर्षं झाली. मी त्यांच्याबद्दल वाईट लिहिणार नाही. वेळेवर येतात, ओरडत नाहीत, मला काशीताई म्हणतात. पण तुमच्या कार्डांची लाकडी कपाटं त्यांनी दाराशी नेऊन ठेवली, पाहुण्यांना दाखवायला. आणि खुर्चीवर गादी घातली. तुम्ही एवढी वर्षं लाकडावर बसलात, तुमची कंबर काय लोखंडाची होती?

आता मुद्द्याचं लिहिते, नाहीतर कागद असाच संपेल.

त्या रेघा. तुम्हाला माहीत होत्या की नाही मला आठवत नाही, म्हणून परत सांगते. पोरं पुस्तक घरी नेतात ते रजिस्टरात लागतं. पण टेबलावर बसून वाचून तिथंच टाकून जातात ते कुठे लागतं? कुठेच नाही. मी संध्याकाळी टेबलं आवरते तेव्हा उचललेल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत, कोपऱ्यात, पेन्सिलीची एक रेघ काढते. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. सोळा-सतरा वर्षं काढतेय. कारण काय, तर पावसाळ्यात आपल्या भिंती पाझरतात, पुस्तकांना बुरशी येते, आणि ऑक्टोबरात सगळी गच्चीवर उन्हात घालायची तर गच्ची पुरत नाही. मग ज्याला रेघा जास्त त्याला ऊन आधी. एवढंच. कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं.

मॅडमचा तो पहिलाच ऑक्टोबर. छत्री घेऊन गच्चीवर आल्या, एक पुस्तक उलटलं, दुसरं उलटलं, आणि त्या तापलेल्या गच्चीवर नवीन साडीनिशी फतकल मारून बसल्या.

"काशीताई, हे काय आहे?"

"रेघा."

"कुणाच्या?"

"माझ्या."

मग पुढे वर्षभर कॉम्प्युटर घेऊन रेघा मोजल्या. कुठली पुस्तकं बाहेर जात नाहीत पण आत वाचली जातात, असं काहीतरी. त्याचा इंग्रजीत शोधनिबंध झाला, मोठ्या मासिकात छापून आला. लहान कॉलेजात असं काम होत नाही म्हणे. बारा ऑगस्टला ग्रंथपाल दिनाला प्रिन्सिपल सरांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला. शाल-नारळाचं तबक कुणी धरलं होतं? मी. शिपाई लवू तुम्हाला आठवत असेल. त्याची जीभ अजून तशीच आहे. सगळ्यांसमोर म्हणाला, "काशे, तुझ्या रेघा इंग्रजीत गेल्या गो! तू ऱ्हायलीस हितंच, तबक धरून."

मी ऑफिसातल्या विनीतकडून तो निबंध वाचून घेतला. मी त्यात आहे. "एक ग्रंथालय परिचर" अशी आहे. आपल्या रॅकला नंबर आहे, खुर्चीला नंबर आहे, पंख्यालासुद्धा आहे. मला तेवढंही नाही.

तेही सोडलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मॅडमनी हसत मोबाइल माझ्यापुढे धरला. तुमचा मेसेज होता. "भार्गवी, माझ्या खुर्चीला खरी वारस मिळाली."

तुम्ही लिहिलंत ते? हो की नाही एवढंच कळवा. मी काही बोलले नाही, काही केलंही नाही, माझं काम करत्ये.

तुमची,
काशी


वारे
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप सुमेधाबाई यांस,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. दोन ओळींचं. "हो, लिहिलं. काशी, तू जळतेस का?"

नातवंडांची खुशाली नाही, गुडघ्याला काय लावू ते नाही. एकदम वर्मावरच बोट.

जळते. लिहिलं बघा. तिच्या गादीवर जळते, शालीवर जळते, ती इंग्रजीत भराभरा बोटं चालवते त्याच्यावर जळते. तुमच्या मेसेजवर तर जेवण जात नव्हतं. बावीस वर्षं तुमचा डबा मी उघडला, तुमचा चष्मा मी शोधला, तुमच्या नवऱ्याच्या आजारपणात तुमच्याऐवजी लायब्ररी मी उघडली आणि मीच बंद केली. आणि वारस ती.

मागच्या पत्रात काही केलं नाही असं लिहिलं ते खोटं होतं.

तेरा ऑगस्टपासून केलं. मॅडम दुपारी जेवायला जातात तेव्हा वरच्या रॅकवरची पुस्तकं स्टूल लावून काढायची. गुडघा ठणकायचा, तरी चढायचे. तुम्हाला ती पुस्तकं ठाऊक आहेत, जुन्या बांधणीची, पिवळी, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली. टेबलावर घेऊन बसायचे आणि रेघा मारायचे. कुणात चार, कुणात नऊ. आणि पोरांनी खरंच वाचलेली पुस्तकं संध्याकाळी रेघ न मारता तशीच लावून टाकायचे. मला माहीत होतं, मॅडम दुसऱ्या निबंधासाठी परत मोजणार आहेत. मोजू दे, म्हटलं. गणित फसेल, चारचौघांत तोंडावर पडेल, मग कळेल रेघा कुणाच्या ते.

सोमवारी त्या धावतच माझ्याकडे आल्या. मी समजले, पकडले गेले.

"काशीताई, वरच्या रॅकवरची पुस्तकं मुलं परत वाचायला लागली!"

जूनपासून त्या रोज एका जुन्या पुस्तकाचा फोटो आणि दोन ओळी मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. त्यांना वाटलं, त्याचाच गुण आला. ती पुस्तकं रद्द करायची यादी सुद्धा तयार होती, ती त्यांनी माझ्यासमोर टराटरा फाडली. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. म्हणाल्या, "लोक मला हसत होते, फोटो टाकून कोण वाचतं म्हणून. आता कोल्हापूरला तेरा तारखेला चर्चासत्र आहे, तिथे हेच वाचते."

आणि पुढे काय म्हणाल्या ऐका. "मागच्या वेळी चुकलं माझं. या वेळी लेखक म्हणून तुमचं नाव माझ्या बरोबरीने. पूर्ण नाव सांगा."

काशी महिपत कळंबटे. सांगितलं, बाई. जीभ जराही अडली नाही.

त्यांनी टाइप करून दाखवलं. माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते मी पहिल्यांदा बघितलं. त्यांच्या नावाच्या खाली, त्यांच्याएवढ्याच अक्षरांत. मी विनीतकडून ते पान छापून घेतलं आणि पिशवीत घालून घरी आणलं. तांदळाच्या डब्यावर ठेवलंय. येता-जाता बघते आणि मग जेवणच नको वाटतं.

मी गप्प बसले तर कुणाला कळणार नाही. रेघ ती रेघ. सांगितलं तर माझं नाव गेलं, त्यांचं हसं झालं, आणि नोकरीचं काय ते देव जाणे. मला हवं होतं ते सगळं मिळालं आणि आता ते हातात धरवत नाही.

तुम्ही सांगाल तसं करते. लवकर लिहा.

तुमची,
काशी


वारे
रविवार, १४ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप सुमेधाबाई यांस,

नमस्कार. तुमचं उत्तर आलं नाही. पोस्टमनला तीनदा विचारलं, तो आता मला बघून सायकल जोरात मारतो. उत्तर लिहिलं असेल तर आता टाकू नका.

मंगळवारी कॉलेज सुटल्यावर मॅडमनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, "कोल्हापूरला जे वाचायचं ते तुमच्यासमोर मराठीत म्हणून बघते, कुठे अडखळले तर सांगा." उभ्या राहून, पदर खोचून, रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलायला लागल्या. चांगलं बोलतात. वरच्या रॅकचं आलं तेव्हा आवाज जरा हलला.

मी म्हटलं, "मॅडम, थांबा. त्या रेघा खोट्या आहेत."

"कुठल्या?"

"वरच्या रॅकवरच्या. मी काढल्या. कुणी वाचलेलं नाही."

पहिल्यांदा त्या हसल्या. त्यांना थट्टा वाटली. मग माझं तोंड बघितलं.

"का?"

"तुमच्यावर राग होता."

"कशाचा?"

"शालीचा."

बाहेर लवू खिडक्या लावत होता, त्याचा आवाज येत होता. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे पहिल्या निबंधातल्याही...? काशीताई, ते छापून गेलंय. त्यावर माझं नाव आहे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी एक खोटी मारली की माझ्या सोळा वर्षांच्या खऱ्याही खोट्या होतात. माझी मलाच शिसारी आली.

मी उठले आणि रॅकवरून पुस्तकं आणली, खालची दोन, वरची दोन. त्यांच्यापुढे मागून उघडून ठेवली. म्हटलं, नीट बघा. खरी रेघ मी उभ्याने काढते. पुस्तक डाव्या हातावर, शेवटची एसटी गाठायची घाई, त्यामुळे ती उजवीकडे कलते आणि खाली बारीक होत जाते. ह्या खोट्या बघा. टेबलावर बसून, सावकाश काढलेल्या. सरळसोट, वरपासून खालपर्यंत सारख्या दाट. पहिलीतल्या पोराच्या पाटीवरच्या.

त्यांनी भिंग आणलं. चार बघितली, मग वीस बघितली. मग खुर्चीत बसून डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पहिला निबंध तरी बचावला." माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या.

त्याच बैठकीला कोल्हापूरला कळवलं, निबंध मागे घेते. आपली दोन्ही नावं माझ्यासमोर पुसली. माझं आधी. मागून एकेक अक्षर गेलं. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण किती अक्षरं होती ते मला पाठ होतं. सरांनाही त्यांनीच सांगितलं. मला म्हणाल्या, "लपवलं तर मीही तेच केल्यासारखं होईल." मला मेमो आलाय, लेखी खुलासा द्यायचा. विनीत म्हणाला मी लिहून देतो. नको म्हटलं. माझ्या हातानेच लिहिणार.

काल तेरा तारीख. त्या कोल्हापूरला असायच्या. त्याऐवजी आम्ही दोघी लायब्ररीत रबर घेऊन बसलो होतो. दिवसभर त्यांनी एकच शब्द विचारला.

"ही?"

"खोटी."

"ही?"

"खरी."

एका बाजूला वरच्या रॅकची पुस्तकं, मध्ये रबराचा भुगा. खोट्या सगळ्या निघाल्या. पण चार महिने पोरांनी जे खरंच वाचलं आणि मी रेघ मारली नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. पुढच्या ऑक्टोबरात त्यातल्या एखाद्या पुस्तकाला ऊन मिळायचं राहील.

रद्द करायची यादी परत केली. पहिल्यासारखीच आली, फक्त फोटो टाकलेलं एक पुस्तक त्यांनी त्यातून काढलं. त्यात एकच रेघ होती, वाकडी, जुलैत मारलेली. म्हणजे एकाने तरी वाचलं होतं. मी ती दाखवली तेव्हा त्यांनी बोटाने चाचपून बघितली.

निघताना त्यांनी विचारलं, "काशीताई, सुमेधाबाईंना या रेघा माहीत होत्या ना?"

मी म्हटलं, "होत्या. त्या रोज बघायच्या."

बाई, सगळ्या खोट्या पुसल्या, ही एक राहू दिली. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, तुम्हाला माहीत होत्या की नाही आठवत नाही. मला चांगलं आठवतं. तुम्ही तीच पुस्तकं हातात घेत होतात, तीच गच्ची होती, मी तुमच्यासमोर पेन्सिल कानावर खोचून फिरत होते. एकदा तर म्हणालात, "काशी, पुस्तकात कोण पोर गिरगटतंय बघ जरा." मी बघते म्हटलं. तुम्ही परत विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. त्या बयेने पहिल्याच ऑक्टोबरात विचारलं, कुणाच्या. हा प्रश्न मला तुमच्या तोंडून ऐकायचा होता. तो तिने विचारला, त्याचा राग मी तिच्यावर काढला.

तिला वारस म्हणा. तुमची खुर्ची तिचीच आहे. पण रेघा तुमच्याकडून आलेल्या नाहीत, त्यांचा वारस तुम्ही ठरवायचा नाही.

उद्या सोमवार. पेन्सिल मॅडमनी माझ्याकडून घेतली नाही, टेबलावर होती तिथेच आहे.

पत्राच्या डोक्यावर तीर्थस्वरूप लिहिलं तेव्हा कालचं रबर हाताशीच होतं. नाही खोडलं.

काशी महिपत कळंबटे