मुंजाजी प्रेस, वीस टन

१७ ऑगस्ट, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम झालं की लोक मागून विचारतात कसं केलं, आणि तेव्हा नेमक्या तारखा आठवत नाहीत.

निश्चय: या वर्षी तारा ऊस तोडायला जाणार नाही. गेल्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून घसरली, तेव्हापासून कंबर धरून उठते. बायको असं उठताना मला बघवत नाही. तोडीच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. यंदा आमचा कोयता त्या वहीत चढणार नाही.

उपाय: पाऊस नाही, म्हणून दूध संस्था गणपतीला चारा छावणी उघडणार आहे. चेअरमन आप्पारावांना जनावरांसाठी चाळीस लोखंडी गव्हाणी पाहिजेत. काम मला दिलं. पत्राही माझ्या वेल्डिंगच्या दुकानात येऊन पडला. वेळेत झालं तर पुढचं सगळं काम आपलं, मग शिरूर सोडायचं कारणच उरत नाही. उशीर झाला तर काम बीडच्या वर्कशॉपला.

पत्रा घणाने वाकवणं हा अडाणीपणा. मी हायड्रॉलिक प्रेस बनवणार. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. एका गोऱ्या माणसाने अकरा मिनिटांत बनवला. मी आठ दिवस धरले, कारण आपल्याकडे लाईट जाते.

१९ ऑगस्ट, बुधवार
ड्रॉइंग तयार. दोन खांब, वर आडवा बीम, मध्ये जॅक. जॅक दाबायचा, खाली पत्रा वाकायचा. वीस टन ताकद. आयटीआयचं दुसरं वर्ष केलं असतं तर हेच शिकवलं असतं, म्हणजे एक वर्ष वाचलंच.

ताराने विचारलं, चाळीसपैकी किती झाल्या. मी समजावलं, आधी प्रेस. तिने विचारलं, जनावरं प्रेस खाणार का. मी पेन्सिलला टोक केलं.

२४ ऑगस्ट, सोमवार
खांब उभे. जुन्या ट्रॉलीच्या चेसिसचे, एक नंबर. वरच्या बीमला चॅनल उरलं नाही, म्हणून घरच्या लोखंडी पलंगाचे दोन अँगल काढून जोडले. हिशेबात बसतं. हिशेब तोंडी केला.

तारा आता खाली झोपते. खाली झोपणं कंबरेला चांगलं असतं, असं तिला सांगितलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. पटलं असावं.

२९ ऑगस्ट, शनिवार. राखी
मेहुणा सिदू राखीला आला. सिदू म्हणजे मुकादम, ऊसतोडीची टोळी आणि स्वतःचा ट्रक. मी ताराला आधीच सांगून ठेवलं होतं की ओवाळणीत साडी मागू नको, ट्रकचा जॅक माग. तिने मागितला, पण तोंड एरंडेल प्याल्यासारखं करून. सिदू हसला आणि जॅक काढून दिला. दसऱ्याला टोळी निघते, तोवर परत पाहिजे म्हणाला. दाजी, सांभाळून, असं तीन वेळा म्हणाला. मुकादमांना माणसांपेक्षा जॅकची काळजी जास्त.

२ सप्टेंबर, बुधवार
जॅक बीमला उलटा टांगला, म्हणजे दाब सरळ खाली. दांडा शंभरदा मारला. जॅक हलत नाही. निदान: तेल पातळ. स्वयंपाकघरातून अर्धा लिटर करडईचं तेल आणून भरलं. तरी हलत नाही, पण आवाज सुधारला.

रात्री भाजीला फोडणी नव्हती. शोधकर्त्याच्या घरी असं चालायचंच.

तक्रार: मागच्या अंगणात फार ठोकाठोकी. शेजारच्या बायनाबाई आणि तारा यांनी रेल्वेच्या रुळाचा तुकडा पुरलाय. बायनाबाई घण घालतात, तारा शेजारी बसून काहीतरी फिरवत असते आणि खडूने खुणा करते. विचारलं तर म्हणाली, टाइमपास. बायकांना वेळ फार.

५ सप्टेंबर, शनिवार
पत्र्याची थप्पी निम्मी दिसते. चोरीचा दाट संशय. दुकानाला मोठं कुलूप घेणे. वेल्डिंगच्या रॉडचं पाकीटही संपत आलं, मी तर चारच वापरले. रॉडची क्वालिटी घसरली आहे. वेल्डिंगचा काळा चष्मा जागेवर नसतो. काल ताराच्या नाकावर त्याचा वळ दिसला. उन्हाने असेल.

७ सप्टेंबर, सोमवार
जॅक हट्टाला पेटलाय. म्हणून आज दुसरी आघाडी: जाहिरात. पत्र्यावर लाल रंगाने लिहिलं: मुंजाजी प्रेस. 'हायड्रॉलिक' लिहायला जागा पुरली नाही. जाणकाराला कळतं.

१० सप्टेंबर, गुरुवार
पाटीचा परिणाम जबरदस्त. सकाळी एक जण इस्त्रीला सदरा घेऊन आला, त्याला हाकललं. मग वरच्या आळीतला म्हातारा आला. टँकर चार दिवसांपासून आला नाही, हे छापा म्हणाला. मी म्हणालो, आपल्याकडे लोखंडाचं काम चालतं. तो म्हणाला, तसंच लोखंडासारखं लिहा. दुपारी टँकर हजर. ड्रायव्हरने पाटीसमोर उभं राहून मला नमस्कार केला आणि आमचे हंडे आधी भरले. शास्त्राबद्दल एवढा आदर शिरूरमध्ये आहे हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी आप्पाराव स्वतः आले, सोबत पावशेर पेढे. पाटीकडे बघून घाम पुसला. शब्द जसेच्या तसे उतरवतो: "मुंजाजी, छावणीचं काई छापायचं न्हाई बरं का. गव्हाणीला आठ दिस जास्त घ्या. पर आमच्यावर ध्यान असू द्या."

गव्हाणीवर नक्षी वगैरे छापायची नाही, साध्याच पाहिजेत, असा अर्थ. मी सांगितलं, साहेब, एकदा प्रेस चालू झाला की खाली कोण येईल ते बघत नाही. त्यांचा चेहराच उतरला. यंत्राची ताकद ऐकून भल्याभल्यांचं असंच होतं. नवी तारीख: २५ सप्टेंबर.

ताराला सांगितलं, आठ दिवस मिळवले. ती पहिल्यांदाच मनापासून हसली. पुरतील म्हणाली. तिचा आपल्या प्रेसवर विश्वास आहे. लई बरं वाटलं.

१२ सप्टेंबर, शनिवार. पोळा
बैलाच्या शिंगांचा रंग पाटीत संपला. बैल बिनरंगाचे मिरवले. दुष्काळात साधेपणा शोभतो.

२० सप्टेंबर, रविवार. सकाळी ११
मोठा शोध! हा जॅक उलटा चालतच नाही. हे त्यावर लिहायला पाहिजे. (लिहिलंय. तेलाच्या डागाखाली.) आता सरळ उभा केला. वर दाबतो. फुसकन वर आला. आज चाचणी. साक्षीदार: तारा, बायनाबाई, एक शेळी.

दुपारी १
पत्रा ठेवला. दांडा मारला. लोखंड कुरकुरलं, वाकू लागलं. मी ओरडलो, बघा वाकतंय. तारा म्हणाली, वर बघा. पलंगाचे दोन्ही अँगल चंद्रकोर झाले होते. मी तरी आणखी दहा दांडे मारले, कारण अर्धवट सोडणं स्वभावात नाही. जोड तुटला, जॅक तिरका झाला, त्याचा दट्ट्या वाकला, आणि करडईचं तेल छतापर्यंत.

निष्कर्ष: प्रेस लोखंड वाकवतो हे सिद्ध झालं. फक्त स्वतःचं. पत्रा जसाच्या तसा. पत्र्याची क्वालिटी उत्तम.

कोणी हसलं नाही. बायनाबाई पदर तोंडाशी धरून घाईने गेल्या. ताराने माझ्या डोळ्यातलं तेल पुसलं.

२४ सप्टेंबर, गुरुवार
झोप नाही. उद्या छावणी उघडणार आणि माझ्या हातात चंद्रकोर. ताराचा कोयता पुन्हा वहीत चढणार, आणि तो माझ्यामुळे. खरं लिहितो, आज पहिल्यांदा भीती वाटली. मुदतवाढीचा अर्ज तयार केला. कारण: तांत्रिक.

२५ सप्टेंबर, शुक्रवार
अर्ज घेऊन छावणीवर गेलतो. चाळीस गव्हाणी ओळीने मांडलेल्या, गाई-म्हशी तोंड घालून खातायत. बीडच्या वर्कशॉपने डाव साधला असं वाटलं. जवळ गेलो. प्रत्येक गव्हाणीवर खडूच्या खुणा. पलीकडे बायनाबाई घण खांद्यावर घेऊन उभ्या, आणि आप्पाराव ताराला खुर्ची द्यायला सांगत होते.

तीन आठवडे ज्या आवाजाने माझं लक्ष विचलित होत होतं, तो हा आवाज.

जोड कोणी मारले, विचारलं. मीच, तारा म्हणाली. "धा वर्सं तुमच्या बाजूला पत्रा धरून हुबी हाय. डोळे झाकून न्हवते."

अर्ज खिशातच ठेवला. सगळ्या गव्हाणी फिरून बघितल्या. एकही जोड कच्चा नाही. मी मारतो त्यापेक्षा किंचित बरे. किंचितच.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार. ट्रकमध्ये
पाली गावच्या आणि आणखी एका छावणीचं काम आलं. आप्पारावांनी कागदावर कारागीर म्हणून ताराबाई असं लिहिलं. एका दुकानात दोन कारागीर मावत नाहीत.

काल दसऱ्याला सिदू जॅक न्यायला आला. वाकडा दट्ट्या बघून खाली बसला. म्हणाला, जॅक न्हाई तर मानूस द्या, पंक्चर झालं की ट्रक उचलाया कोण तरी लागंल. मी ताराकडे बघितलं. तिने माझ्यासाठी भाकरी बांधून तयार ठेवल्या होत्या.

"तुमी जाऊन या. हितलं मी बगते," म्हणाली. ट्रक सुटताना डोळ्याला पदर लावला, आणि लगेच काळा चष्मा चढवून आत गेली.

नोंद: निश्चय शंभर टक्के तडीस गेला. यंदा तारा ऊस तोडायला चाललेली नाही.

सिदू आत्ता वही भरतोय. बाकीच्यांच्या जोड्या आहेत, एकेक कोयता. जोडीदार नसला की अर्धा धरतात. माझ्या ओळीत लिहिलं: मुंजाजी, अर्धा कोयता. नावापुढे इंजिनिअर लिही म्हणालो. अर्ध्याला एवढी जागा नसते म्हणाला.