शाल-नारळ घेऊन येते

कोल्हापूर,
१२ मार्च १९७६

ती. आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मला पीएच.डी. मिळाली गं! विद्यापीठात सत्कार झाला. माझ्यासाठी रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवणारे आमचे शिपाई गुंडामामा यांचाही झाला. शाल पांघरली तेव्हा तू लय आठवलीस.

मी वेळेवर जेवते. तुझा खोकला कसा आहे? म्हैस व्याली का?

रविवारी कडेगावला येते. बाबा गेल्यापासून कुणाला ओवाळायचं असलं की तू आपणहून चुलीपाशी जाऊन बसतेस.

काकू, पत्र तुम्हीच वाचून दाखवताय ना? मग पुढचं मोठ्यानं वाचा. ताट तुम्ही सजवा, पण मला आधी आई ओवाळेल. तोवर मी उंबरा ओलांडणार न्हाई.

तुझीच,
विजयमाला