झोताच्या तोंडाशी उभ्या दहा सळ्या

शिआन, ६ एप्रिल, सोमवार

चि. ह्वाययूस, अ. उ. आ.

तुझ्या धातूच्या प्रिंटरवर वाट्यांसोबत छापलेल्या, चाचणीच्या दहाही टायटॅनियमच्या सळ्या पास झाल्या! सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखी बारीक वीण दिसली, भोकं जवळजवळ नाहीतच. एक कोटी हेलकावे देऊनही एक मोडली नाही. आमचे साहेब म्हणाले, गणितात गटांगळ्या खाणारा भाऊ तो हाच का? मी म्हटलं, हाच.

अहवालावर सही केली आहे. खुब्याच्या सांध्यात बसवायच्या त्या वाट्या रुग्णालयात खुशाल पाठव. एक विचारायचं राहिलं. सळ्या ठरल्याप्रमाणे प्रिंटरच्या प्लेटवर वाट्यांच्या मधेमधे विखरून उभ्या केल्या होत्यास ना? खरं तर सहीआधी विचारायचं, पण आई रोज फोन करून तुझं काम झालं का विचारते, आणि मलाही तुझं कौतुक करायची घाई झाली.

तिखट जपून खा. लोभ आहेच.

तुझी ताई, लानशिऊ

बाओजी, १३ एप्रिल, सोमवार

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. फोनवर तुझा आवाज ऐकून मला हे बोलता आलं नसतं.

सळ्या विखरून नव्हत्या. दहाही वायूच्या झोताच्या तोंडाशी उभ्या केल्या होत्या. पूड वितळताना उडणारे कण झोताबरोबर पलीकडच्या टोकाला जाऊन पडतात, आणि तिथे वाट्या होत्या. मला ठाऊक होतं. पाहुण्यांना वरच्या थराचे, छान फुगलेले मांतोउ पाव वाढावेत, तसं तुला वाढलं. तुझ्या हातून नापास व्हायचं नव्हतं गं.

काल त्याच टोकाची एक जादा वाटी कापली, घासून चकचकीत केली आणि पाहिली. आत भोकं, त्यांत न वितळलेली पूड तशीच. आमच्या कारखान्याचे फू मास्तर म्हणाले, कापलीसच कशाला, घालवलीस ना झोप? बावीस वाट्या रुग्णालयात गेल्यात. आज तीनदा रुग्णालयाचा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. तूच कर ना फोन. मला माझीच लाज वाटते.

तुझा, ह्वाययू

शिआन, १६ एप्रिल, गुरुवार

चि. ह्वाययूस, आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. उभ्या उभ्या वाचलं आणि तशीच फोनकडे धावले. सही मागे घेतली, साहेबांना सगळं सांगितलं. एकवीस वाट्या परत येताहेत.

एक मंगळवारी एका बाईला बसवली गेली. तू नंबर लावून ठेवलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी. पण सगळं तुझ्या माथी मारून मी मोकळी होणार नाही. सही आधी आणि प्रश्न नंतर, हे मी केलं. तुझा सोमवार चुकला, माझा त्याच्या आधीचा.

बाई बावन्न वर्षांची आहे, बसस्टँडपाशी नूडल्स लाटते. पुन्हा कापावं लागेल, हे डॉक्टर तिला सांगतील. कोणामुळे, ते आपण सांगायचं. शनिवारी सकाळी नऊला रुग्णालयाच्या दारात ये. मी सोबत असेन. फळं आणू नकोस. आजारी माणसंसुद्धा पाहुण्यालाच सोलून देतात, ते मला सोसायचं नाही.

आईला अजून बोलले नाही. माया आटलेली नाही, रागही गेलेला नाही.

नर्स सांगत होती, शुद्धीवर आल्या आल्या बाईंनी विचारलं, ही वाटी कुठल्या कारागिराची? त्यांनी तुला आभार कळवायला सांगितलेत. ते कळवले.

लानशिऊ