चौथ्या कडव्याच्या आत

प्लोव्हदिव, १६ जानेवारी

चि. व्हेलिका हिस,
मिन्चोदादाचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद नेहमीइतकेच मनापासून आहेत, पण रागात लिहायला बसलोय, तेव्हा अक्षरावरून काही मनात आणू नकोस.

पत्रास कारण की, काल सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तू पुन्हा माझं गाणं तोडलंस. मी रेल्वेत चाळीस वर्षं सिग्नल सांभाळलेत, माझी वेळ चुकत नाही. हृदयाचं ऑपरेशन करून घरी आलो तेव्हा रुम्यानाने, बापाला म्हणजे मला आणि आत्याला म्हणजे तुला मिळून करमणूक म्हणून, ‘स्लावेय’ या गाण्यांच्या ॲपचं एक खातं काढून दिलं. त्यातून एका वेळी एकाच घरात गाणं वाजतं हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? तू तिकडे डोंगरावर बसून बोट टेकवलंस की माझं इथे बंद, आणि फोनवर मोठी अक्षरं येतात, ‘व्हेलिकाचं स्वयंपाकघर’. मी परत लावतो, ते बिचारं पहिल्यापासून सुरू होतं, तू परत तोडतेस. असं तीनदा झालं की मी हरतो आणि रेडिओवर हवामान ऐकत बसतो. चार महिने झाले, त्या गाण्याचं चौथं कडवं मी ऐकलेलं नाही. पोरगा झऱ्यावर येतो, पाणी मागतो, पोरगी घडा पुढे करते, आणि नेमकी तिथे तू येतेस.

बरं, माझं तोडून लावतेस काय, तर ‘जर्मन शिका, धडा सातवा’. दहा दिवस झाले, रोज तोच धडा. सत्तराव्या वर्षी तू कोणी जर्मन हेरला असशील तर थोरला भाऊ म्हणून मला आधी कळवायला हवंस.

रुम्याना म्हणते, हे सोडा आणि ‘कांबाना’ घ्या. त्यात दोघांचं वेगवेगळं, कोणी कोणाच्या मध्ये येत नाही. मला पटतंय. महिनाअखेर काय ते ठरवू. ती असंही म्हणत होती की आत्याने एवढ्या बर्फात एकटीने राहणं आता पुरे, तिला खाली प्लोव्हदिवला आणू या. मी विषय बदलला. तुझं काही दुखत-खुपत असेल तर तिला कळू देऊ नकोस, ती दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभी राहील.

तुला दोनदा फोन केला, उचलला नाहीस. असू दे. आई म्हणायचीच, तुम्ही दोघं फोनवर एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही, त्यापेक्षा पत्रं लिहा, कागदावर दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबावं तरी लागतं. माझी झडप ठीक चालली आहे, विचारू नकोस.

लोभ आहेच. गाणं तोडणं थांबवलंस तर वाढेलही.
तुझा,
मिन्चोदादा


गोर्ना रेका, २३ जानेवारी

ती. मिन्चोदादा यास,
व्हेलिकाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमन बर्फातून आठवड्याला दोनदाच चढतो, त्यातला एक फेरा तुझ्या रागापायी खर्ची पडला.

झडपेचं विचारू नकोस म्हणतोस, म्हणून विचारत नाही. फक्त एवढंच कळव, जिने चढताना मध्ये थांबतोस की नाही, गोळ्या सकाळी घेतोस की आठवण आली की घेतोस, आणि मीठ. तुला डुकराची झडप बसवली असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझा हातच चालेना, यंदा नाताळला मी डुक्कर कापलं नाही. शेजारच्या आसेनने विचारलं, यंदा सॉसेज का नाहीत, तर त्याला म्हटलं, आता नातं लागतं. ते अजून गोठ्यात आहे आणि शेळ्यांपेक्षा जास्त खातं. ऋण तुझं, दाणापाणी माझं.

आता त्या ‘कांबाना’चं. नाव घंटेचं आणि चित्रही घंटेचं. आपल्या चर्चमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी घंटा वाजली की गावातलं कोण गेलं ते बघायला आपण दारात येतो. रोज सकाळी उठून मी त्या घंटेवर बोट ठेवायचं? शिवाय आसेनच्या सुनेकडे ते आहे आणि त्यातली गाणी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी येतात म्हणे. ‘स्लावेय’ बरं आहे. पक्ष्याचं चित्र आहे, हिरवं आहे, डोळ्यांना सवय झालेली आहे.

जर्मनचं म्हणशील तर मला त्याची चाल आवडते. माणसाने एखादी गोष्ट आवडली म्हणून ऐकली तर लगेच लग्न कशाला लावायचं? इथल्या फोनची तार बर्फाने बिघडली आहे, नुसती खरखर येते, तेव्हा फोन करू नकोस. रुम्यानाला सांग, आत्या अजून दोन्ही बादल्या एका फेरीत आणते.

सोबत अक्रोड पाठवते आहे, मीठ न लावलेले. लोभ असू द्यावा, आणि घाईने काही ठरवू नये ही विनंती.
तुझी,
व्हेलिका


प्लोव्हदिव, ३० जानेवारी

चि. व्हेलिका हिस,
आशीर्वाद. अक्रोड पोचले, संपलेही.

ठरलं. परवा एक तारखेपासून ‘कांबाना’. रुम्यानाने इथे बसल्या बसल्या तुझ्या यंत्रातही ते घालून दिलं आहे, पक्षी गेला आणि त्याच जागी घंटा आली, तुला काही करावं लागणार नाही. आता तू तिकडे हवं तर अख्खं जर्मनी वाजव. आपण दोघं म्हातारी माणसं, निदान सकाळची कॉफी तरी सुखाने प्यावी. तुला वाईट वाटेल हे मला कळतं, पण का वाटेल ते कळत नाही. कळलं असतं तर विचार केला असता.

जिन्यात एकदाच थांबतो, तेही पेन्काबाईंच्या मजल्यावर, कारण त्या दार उघडून गप्पा मारतात. यातून काही अर्थ काढू नकोस. त्या विधवा आहेत आणि बोलक्या आहेत, एवढंच.
तुझा,
मिन्चोदादा


गोर्ना रेका, ६ फेब्रुवारी

दादा,
नमस्कार. मोठा मायना घालायला आज हात वळत नाही.

सहा दिवस झाले. घंटा दाबते, माझं नाव येतं, आणि येतच राहतं. कोणी तोडत नाही. तू लिहिलं होतंस ना, कोणी कोणाच्या मध्ये येत नाही म्हणून. ते अगदी खरं निघालं.

तुझं पत्र इथे पोचायला पाच दिवस लागतात. पत्र हातात आलं की मला एवढंच कळतं की पाच दिवसांपूर्वी तू जिवंत होतास. आजचं मला कोण सांगणार? आसेनची सून म्हणते, दादांना एक ओळ टाइप करून पाठवा. पण गिरणीत मागावर राबून राबून माझी बोटं अशी रापलीत की त्या काचेला ती कळतच नाहीत. सांध्याने दाबते, ते कुठे लागतं देवाला माहीत.

मी माझ्या परीने काही व्यवस्था केली आहे. दार उघडत जा. रागावू नकोस. नाहीतर रागावच.
व्हेलिका


प्लोव्हदिव, १३ फेब्रुवारी

चि. व्हेलिका हिस,
आशीर्वाद, आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक प्रश्न: हे काय चालवलं आहेस?

सोमवारी सकाळी सहा चाळीसला पेन्काबाई चीज भरलेली गरम बनित्सा घेऊन दारात. मला वाटलं शेजारधर्म. मंगळवारी त्याच वेळेला पोस्टमन, हातात एकही पत्र नाही, फक्त मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि शुभ दिवस म्हणून गेला. बुधवारी पाद्री, पवित्र पाणी घेऊन. मी लांब गरम चड्डीत होतो, त्यांनी तशाच अवस्थेत मला शिंपडलं. गुरुवारी रेल्वे पेन्शनर मंडळाचे दोघे, त्यातला एक काळा टाय लावून. त्याला विचारलं, हा कशाला, तर म्हणतो, व्हेलिकाताईंचा निरोप घाबरा होता, म्हटलं तयारीने जावं. आसेनच्या सुनेला फोनला बसवून तू अर्धं प्लोव्हदिव कामाला लावलंस हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आज कोणी आलं नाही, तर मी सात वाजेपर्यंत दाराकडे बघत बसलो. सवय लागते माणसाला.

आणि माझ्या गाण्याचं ऐक. एक तारखेला मी कॉफी गाळली, पाय लांब केले, आणि जन्मात पहिल्यांदा चौथं कडवं ऐकलं. पोरगा पाणी पितो आणि मरतो. पोरीच्या भावाने झऱ्यात विष कालवलेलं असतं. पुढची नऊ कडवी त्याची आई रडते. चार महिने मी कॉफी ढवळत धरून चाललो होतो की त्यांचं लग्न होतं. आता मला ते गाणं लावावंसंच वाटत नाही, आणि दुसरं कुठलं लावलं तर शेवटी काय वाढून ठेवलंय याची धास्ती वाटते. घरात अशी शांतता आहे की झडप ऐकू येते.

म्हणून मी काल आसेनलाच फोन केला. तो म्हणाला, तार उत्तम आहे, तुझा फोन वाजतो तो त्याला त्याच्या घरात ऐकू येतो. तुझा स्पीकर दरीपलीकडे जातो आणि त्या जर्मनपायी त्याच्या कोंबड्यांनी अंडी बंद केली आहेत. तो तुझ्या मागे उभा राहून तीनदा हाका मारतो तेव्हा तू वळतेस. मग मी तुझं जानेवारीचं पत्र परत काढून वाचलं. त्याची चाल आवडते, असं तू लिहिलं आहेस. व्हेलिका, त्या धड्याला चाल नाही. एक बाई स्टेशनवर तिकीट मागते आणि एक बाप्या तिला गाडी सुटली म्हणून सांगतो, एवढंच आहे त्यात.

काय आहे ते सरळ लिही. कागदावर मला मध्ये बोलता येत नाही, तेवढा तुझा फायदा.
तुझा,
मिन्चोदादा


गोर्ना रेका, २० फेब्रुवारी

ती. दादा यास,
व्हेलिकाचा शिरसाष्टांग नमस्कार. चोर सापडल्यावर नमस्कार मोठाच घालावा.

मला गाणं ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली, आधी पक्षी गेले, मग शेळ्यांच्या घंटा, मग माणसं. एकतीस वर्षं गिरणीत चाळीस मागांच्या मध्ये उभी होते, त्याचं हे बक्षीस. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून बरंच कळतं. फोनला ओठ नसतात. स्पीकर मोठा करून टेबलावर तळहात ठेवला की थरथर लागते, तिलाच मी चाल म्हणते. ते जर्मन निघालं हे मला तुझ्या पत्रातून कळलं आणि मी अंगणात एकटी हसत होते. आसेनला वाटलं, आता डोकंही गेलं.

रुम्यानाला सांगायचं नव्हतं. तिची माया खरी आहे, म्हणूनच भीती. तुझी पावलं जड झाली असं तिला कळलं तर चाकांची खुर्ची येते, माझे कान गेले असं कळलं तर गाडी येईल. या घरातून मला काढलं तर मी नुसती कानांनी नाही, सगळीच जाईन.

आता तोडण्याचं. शेळ्यांचं आवरून आत आले की त्या हिरव्या चित्रावर मोठ्या अक्षरांत तुझं नाव दिसायचं, ‘मिन्चोचं स्वयंपाकघर’. पण नुसतं नाव दिसून काय उपयोग? गाणं काय, माणूस खुर्चीत मरून पडला तरी आपलं वाजत राहतं. म्हणून मी तोडायची. मग श्वास धरून बघत बसायची. तुझं नाव परत आलं की समजायचं, उठलाय, बोटं चालताहेत, आणि चिडलाय. चिडलेला माणूस जिवंत असतो. पहिल्यांदा तोडायची ती तू आहेस का बघायला, दुसऱ्यांदा नीट चिडलास का बघायला, आणि तिसऱ्यांदा, खरं सांगते, मजा म्हणून. त्यानंतर माझा दिवस सुरू व्हायचा. तू गेलास तर मला पाच दिवसांनी कळेल, या भीतीने मी तुझी कॉफी चार महिने नासवली. माफ कर.

‘कांबाना’ तुला सुखाचं असेल तर तेच राहू दे. पेन्काबाईंना मात्र रोज पाठवेन. त्यांची बनित्सा चांगली होते असं आसेनच्या सुनेने विचारून घेतलं आहे.
लोभ होता तसा राहावा.
तुझी,
व्हेलिका


प्लोव्हदिव, २७ फेब्रुवारी

चि. व्हेलिका हिस,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र जिन्यातच फोडलं आणि तिथेच बसून वाचलं. पेन्काबाईंनी पाणी आणून दिलं. मला वाईट वाटलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर झडपेने काही कुरकुर केली नाही, म्हणजे डुक्कर दणकट होतं. तसं त्या गोठ्यातल्याला सांग.

रुम्यानाला कळवलं की घंटेचं चित्र अशुभ आहे, आम्हाला पक्षीच हवा. ती म्हणाली, बाबा, तुम्ही दोघं एकसारखी आहात. बाकी काही मी तिला सांगितलेलं नाही. ईस्टरला मी वर येतो आणि आपण दोघं गुपचूप स्मोल्यानला कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. माझ्यात जनावराची झडप बसते तर तुझ्या कानात एक बटण बसायला हरकत नाही. ते बसलं की गाडीची भीती नाही. तोवर या पाकिटातला मार्चचा शकुनाचा लाल-पांढरा दोरा मनगटाला बांध. माझ्या हाताला पेन्काबाईंनी बांधला आहे. यातून हवा तो अर्थ काढ.

एक तारखेपासून ‘स्लावेय’ परत सुरू होईल, हे पत्र पोचेल तोवर पक्षी तुझ्या यंत्रावर आलेला असेल. जर्मनचा सातवा धडा मला पाठ झाला, आता तिकीट मागता येतं, तेव्हा आठव्यावर बोट ठेव. मी रोज सहा पस्तीसला माझं गाणं लावून, कॉफी समोर ठेवून, हात मोकळे ठेवून बसलेला असेन. शेळ्यांपायी उशीर करू नकोस. चौथ्या कडव्याच्या आत तोड. त्याच्या पुढे तो पोरगा मरतो.

तुझा,
मिन्चोदादा