कोइमतूरच्या भट्टीची निरवानिरव

मी लालासाहेब बंडू देवकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सोने-चांदी गलाई, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देणे, मूळ राहणार माळेवाडी, तालुका खानापूर, जिल्हा सांगली, पोटासाठी राहणार कोइमतूर, हे मृत्युपत्र गावी मुक्कामी असताना स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो वाचून माझी पत्नी सौ. अंजना म्हणाली, "लग्नाआधी काढला असता तर माझ्या वडलांच्या कामाला आला असता." माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकण्याचा हक्क फक्त तिला आहे आणि ती सध्या गच्चीवर पापड वाळवत आहे.

वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात स्थावर आणि जंगम अशा दोन रकान्यांत सगळा जन्म बसवायचा होता. बसेना, म्हणून कोऱ्या कागदावर लिहितो. नववी नापासाचे शुद्धलेखन सांभाळून घ्यावे.

कलम १. माळेवाडीतला बंगला. खोल्या बारा, वर्षातले अकरा महिने कुलूप. आमच्या भागातल्या गलाईवाल्यांचे हे असेच. मालक परमुलखात दुकानावरच्या एका खोलीत अंगाची घडी करून झोपतो आणि गावच्या बंगल्यात पारवे पाय पसरून राहतात. हा बंगला माझ्या पश्चात अंजनाने हयातभर वापरावा, नंतर तो चिरंजीव शिवतेजचा. पारव्यांना वारसाहक्क नाही, तरी हाकलताना दगड मारू नयेत.

कलम २. अंजनाचे दागिने अंजनाचेच. त्यात मी काही देतो असे कोणी समजू नये. एकदा अडचणीत मागितले होते, तेव्हा तिने असे पाहिले की मी अडचणच मागे घेतली.

कलम ३. मानाचे फेटे, नग बावीस. गावच्या जत्रेत दरसाल मला फेटा बांधतात आणि माईकवरून "लालासाहेब शेठ" म्हणून पुकारतात. हाच शेठ कोइमतूरला मोठ्या सोनाराच्या पेढीत मागच्या दाराने जातो, चपला बाहेर काढतो आणि मुनीम हात करेपर्यंत उभा राहतो. मुनीम हात करायला विसरतो. तो सोनार मुंबईच्या भावाकडे डोळे लावून बसलेला, मुंबई लंडनकडे. तिकडे कोणी शिंकले की आमच्या भट्टीला पडसे. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी बसलेला आहे. माझ्या खाली भट्टीवरचा कामगार नाथाजी एकटा होता, म्हणून मी शेठ झालो. फेटे जत्रा कमिटीला परत द्यावेत. नवा शेठ जुन्या फेट्यातही तेवढाच फुगतो.

कलम ४. बँकेतली शिल्लक आणि विट्यातला प्लॉट शिवतेजला. शिवतेज दुबईला सोन्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. आम्ही ग्रॅमवर जन्म काढला, हा टनावर बोलतो. सोन्याला हात लावून किती दिवस झाले, असे मी विचारले, तर म्हणाला, "आण्णा, आता सोनं स्क्रीनवरच असतं." माझा त्याच्यावर फार जीव आहे. फोनवर हे सांगायला गेलो की रेंज जाते, म्हणून इथे लिहून ठेवले. त्याचे म्हणणे असे पडले की, "मशीन आलीत, दुकान बंद करा, आणि तुमच्या त्या नाथाजीला काहीतरी देऊन मोकळं करा." त्या "काहीतरी"चा तपशील पुढे देत आहे. बाळा, बसून वाच.

कलम ५. नाथाजी अर्जुना बंडगर, मूळ राहणार तालुका जत. घरची मेंढरे भावाच्या हवाली करून सन १९९४ साली बाविसाव्या वर्षी माझ्याकडे आला. तेव्हापासून भट्टीवर तो आणि गादीवर मी. तेजाबाचा धूर त्याच्या छातीत गेला, सोनारांचा नमस्कार माझ्याकडे आला. तो तमिळ अशी बोलतो की गिऱ्हाईक मला ओलांडून त्याच्याशी बोलते. मला एकतीस वर्षांत पाच शब्द आले, तेही सगळे जेवणातले.

आमच्या धंद्याची एक रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. कामगाराने घरी जाताना हातपाय दुकानातच धुवायचे आणि ते पाणी टाकीत साठवायचे. त्याचे कामाचे कपडे फाटले तरी घरी न्यायचे नाहीत, दुकानातच जाळायचे. दिवाळीच्या आधी ती राख, तो गाळ, झाडलोटीचा केर सगळा गाळून त्यातले सोने काढायचे, ते मालकाचे. म्हणजे या माणसाच्या हातावरची धूळसुद्धा माझ्या मालकीची होती. मी त्याला रीत म्हणत आलो, कारण रीत म्हटले की लाज वाटत नाही.

कलम ६. आता जे लिहायला पाच कलमे टाळाटाळ केली ते लिहितो. सन २००८, गणपती नुकतेच बसून उठले होते. परदेशात मोठमोठ्या बँका आडव्या होत होत्या, सोन्याचा भाव माकडासारखा उड्या मारत होता आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या दिवशी नाथाजीला बाजूला सारून मी स्वतः भट्टीवर बसलो. मालकाचा हात अजून चालतो, हे दाखवायची हौस! संध्याकाळी सुपारीएवढी सोन्याची गोळी कमी भरली. मी नाथाजीवर आळ घेतला. भर बाजारपेठेत, शेजारच्या तीन दुकानांसमोर, त्याला सदरा काढून झटकायला लावला. त्याने झटकला. मग विजार झटकली.

त्याच दिवाळीला केर गाळला, तोही नाथाजीनेच. मी वितळवत होतो ती मूस, म्हणजे सोने वितळवायचे भांडे, तडकलेली होती. सोने तड्यातून राखेत उतरले आणि राख मीच केरात ओतली होती. नाथाजीने निघालेले सोने कागदावर ठेवून माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाला, "शेठ, औंदा केरातनं लय निघालं." मी म्हणालो, "बरं झालं." एवढेच म्हणालो. दिवाळीला त्याला नवा सदरा घेतला आणि मनाशी फिटले म्हणालो. सतरा वर्षे होत आली, काही फिटलेले नाही. नाथाजी, तू चोर नव्हतास. चूक माझी होती आणि ती मला केर गाळला त्याच दिवशी कळली होती. मला माफ कर.

सबब कोइमतूरचे दुकान, त्याची अनामत, भट्टी, तराजू, गादी आणि गिऱ्हाईक, सगळे नाथाजीला मिळावे. पाटीवर बंडगर हे नाव घालावे. तो गादीवर बसायला लाजेल, तर शिवतेजने त्याला दंडाला धरून बसवावे. हे सहावे कलम शिवतेजने माझ्या तेराव्याला सगळ्या पाव्हण्यांसमोर मोठ्याने वाचावे. जेवणाच्या आधी वाचावे, बुंदी पोटात गेल्यावर कोणी ऐकत नाही.

साक्षीदारांबाबत खुलासा. वरील मजकूर घेऊन आज आम्ही विट्याला वकीलसाहेबांकडे आलो. पहिला साक्षीदार म्हणून मी सवयीने नाथाजीचेच नाव लिहिले होते. दुकानाचा भाडेकरार असो की शिवतेजच्या कॉलेजचा फॉर्म, माझ्या सहीखाली त्याची सही ठरलेली. जत्रेसाठी तो गावाकडे आलेलाच होता. पेन काढून दारात उभा राहिला. वकीलसाहेबांनी कागद चाळले आणि एवढेच म्हणाले, "यांची सही नको. दुसरा माणूस बघा."

नाथाजीचा चेहरा उतरला. पेन खिशात घालून तो मला हळूच म्हणाला, "काय चुकलं का शेठ माजं? परत काय हरवलंय व्हय?"

माझा बेत असा होता की माफी मागावी, पण मागताना आपण हजर नसावे. तो बेत तिथेच मोडला. मी त्याला आत बोलावले, खुर्ची दिली आणि सहावे कलम माझ्या तोंडाने वाचून दाखवले. दोनदा थांबावे लागले. वकीलसाहेबांनी पाणी दिले.

नाथाजी खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "मला ठावं व्हतं, शेठ. तुमाला बी ठावं हाय, ते बी ठावं व्हतं. तवाच सोडून जाणार व्हतो. पर म्हनलं, एकदा ह्यांच्या तोंडनं ऐकायचं आन् मगच जायचं."

मी घाबरून विचारले, "मग आता जातोस का काय रं?"

"आता कुटं जातोय?" तो म्हणाला. "दुकान माजं हाय म्हनं."

सबब तेराव्याला सहावे कलम वाचण्याची गरज उरलेली नाही, पाव्हण्यांना वेळेत जेवू घालावे. मृत्युपत्रात ज्याला मिळणार त्याची साक्ष चालत नाही, म्हणून साक्षीदार क्रमांक एक नाथाजी अर्जुना बंडगर हे नाव खोडले आहे. खोडाखोड माझ्या हातची असून ती मला मान्य आहे.

लिहून देणार: लालासाहेब बंडू देवकर (सही)

साक्षीदार:
१. ~~नाथाजी अर्जुना बंडगर~~ भाऊसो रामू साळुंखे, माळेवाडी (सही)
२. तानाजी गुंडा पवार, विटा (सही)

ठिकाण: विटा, जिल्हा सांगली
दिनांक: ६ मे २०२५